हौद आणि दोन नळ

वडापाशी आमची वाट फुटायची.
तिथवर मी आणि लेवीया
केळीच्या एकाच पानातला लापलाप खात,
तिचा घास मोठा, कारण ती दोन वर्षांनी मोठी.
मग ती डावीकडं, फ्रेंचांच्या शाळेत,
मी उजवीकडं, इंग्रजांच्या.

बाबांनी ठरवलं होतं तसं.
"एक पोर इकडं, एक तिकडं.
उद्या कोण राहतो, कोण जातो, काय सांगावं?"
वादळाची चाहूल लागली की डुकरंही
ते अशीच दोन कुंपणांत वाटून ठेवायचे.

आमच्या बेटांवर तेव्हा सगळंच जोडीनं.
दोन पोलीस, दोन तऱ्हेची नाणी, दोन तुरुंग.
काल्तापाऊमामा दोन्हीकडं राहून आलेला.
फ्रेंचांकडं जेवण बरं, म्हणायचा,
इंग्रजांकडं झोप.

रात्री एकाच कंदिलाखाली आमचा अभ्यास.
एकदा वह्या शेजारी शेजारी पडल्या आणि कळलं,
गणित तेच आहे.
एका हौदाला दोन नळ,
एक भरतो, एक रिता करतो,
हौद किती वेळात भरेल?
माझ्याकडं गॅलन, तिच्याकडं लिटर.
आम्ही उत्तरं जुळवायला बसलो.
बाबा मासळीचं जाळं शिवत होते, वर न बघता म्हणाले,
"आधी तो दुसरा नळ बंद करा की, गाढवांनो."

शाळेत बिस्लामा बोललं की हातावर छडी.
बाजारातली, धक्क्यावरची भाषा,
आई जिच्यात शिव्या देई आणि देवाला हाक मारी.
मिस्टर पेथरिक मारताना "सॉरी" म्हणायचे.
लेवीयाची मादाम काही म्हणत नसे.
कुणाची छडी जास्त लागते यावर
वडाखाली आमचं भांडण,
तेही बिस्लामातच.

मग तो जुलै आला.
सांतोकडून बंदुकांच्या बातम्या, रेडिओची खरखर.
पेथरिकांनी पुस्तकं खोक्यांत भरली,
पृथ्वीचा गोल तेवढा राहिला, खोक्यात मावेना.
मादाम जाताना खडूसुद्धा घेऊन गेली, असं मी म्हणतो.
लेवीया म्हणते, अर्धी पेटी ठेवली होती.
चाळीस वर्षं झाली, ही पेटी अजून मिटलेली नाही.

नव्या वह्या यायच्या होत्या.
जुन्यांवर जुनं नाव, राणीचा मुकुट.
गुरुजींनी कागदाच्या पट्ट्या वाटल्या,
फणसासारख्या त्या झाडाचा चीक लावून
आम्ही नव्या देशाचं नाव चिकटवलं.
माझी पट्टी तिरकी बसली.
खिडकीपाशी वही धरली की
खालचं नाव वरच्यातून दिसायचं.

तीस तारखेला दोन्ही शाळा एका मैदानावर,
पहिल्यांदाच एका रांगेत.
उंचीनं उभं राहा म्हणाले, म्हणून लेवीया माझ्यापुढं
दोन पोरं सोडून.
आधी दोन झेंडे चढायचे तेव्हा एक शिपाई
दोरीनं उंची मोजायचा,
एकही बोटभर वर नको.
त्या दिवशी एकच दोरी, एकच खांब,
आणि तो शिपाई
रिकाम्या हातांनी कडेला उभा.
झेंड्यावरचा सुळा आपल्याच डुकराचा,
असं बाबा संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सांगत होते.

लेवीया नुमेआला आहे, नातवंडांची आजी.
आम्ही बिस्लामातच लिहितो एकमेकांना.
ती लिहायला कुणी कधी शिकवलीच नाही,
म्हणून ती फ्रेंच कानानं लिहिते, मी इंग्रजी कानानं.
तिचा निरोप मला मोठ्यानं वाचावा लागतो,
ऐकल्यावर कळतो.
बायको आतून विचारते, "कुणाशी बोलताय?"

परवा तिनं विचारलं,
मागच्या हौदाचा नळ अजून गळतो का?
मी लिहिलं, नवा वायसर घातलाय.
गळतो.